हिरवं झाडही पडतं: सोसायटीतल्या धोकादायक झाडांची तपासणी आणि तोड

पहिल्या जोरदार पावसात गाड्यांवर आडवं झालेलं झाड नीट पाहिलं, तर त्याला बऱ्याचदा भरगच्च पालवी असते. कालपर्यंत किती हिरवंगार होतं, असं शेजारी म्हणतात आणि ते खरंच असतं. पानांना पाणी पोचतं ते सालीखालच्या बाहेरच्या थरातून. आतला गाभा कुजला तरी तो थर शाबूत असेपर्यंत पालवी फुटत राहते. उलट ढोली पडलेली एखादी जुनी चिंच पुढे कित्येक वर्षं ठाम उभी राहते. पालवीवरून झाड जिवंत आहे एवढंच कळतं, ते मजबूत आहे की नाही हे कळत नाही. मुंबई-ठाणे-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये मे महिन्याच्या शेवटी घाईत घेतलेले निर्णय इथेच चुकतात. धडधाकट पर्जन्यवृक्ष भादरला जातो आणि मुळं तुटलेला गुलमोहर 'चांगला दिसतोय' म्हणून तसाच राहतो.

तपासणी करायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. बऱ्याच झाडांची पानं तेव्हा विरळ झालेली असतात, त्यामुळे फांद्यांचे सांधे आणि चिरा खालूनही दिसतात. शिवाय काही तोडायचं ठरलंच, तर परवानगीला लागणारा वेळ हाताशी राहतो.

सुरुवात झाडाकडे बघून करू नका, झाडाखाली बघून करा. धोका ठरतो तो तीन गोष्टींवरून: झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता किती, मोडली तर ती कोणाच्या वा कशाच्या अंगावर येण्याची शक्यता किती, आणि आली तर नुकसान किती. मागच्या भिंतीजवळ, जिथे कोणी फिरकत नाही तिथे उभं असलेलं पोखरलेलं झाड आणि मुलांच्या घसरगुंडीवर आलेली एकच वाळकी फांदी यांत आधी हात घालायचा तो फांदीला. वॉचमनची केबिन, गेट, स्कूलबस थांबते ती जागा, ज्येष्ठांचा बाक, दुचाकींचं पार्किंग या जागा कागदावर काढा आणि कुठलं झाड पडलं तर कुठवर पोचेल ते मांडा. पुष्कळदा बाक हलवणं, दोन गाड्यांची जागा बदलणं किंवा पावसाळ्यापुरता तो कोपरा बंद ठेवणं एवढ्यानेच धोका बराच कमी होतो. झाड तोडण्याआधी हा पर्याय कमिटीने गंभीरपणे विचारात घ्यावा असं आमचं ठाम मत आहे.

आता झाड. तपासणी नेहमी खालून वर करावी, कारण पूर्ण झाड उन्मळून पडतं ते मुळांमुळे, आणि मुळांकडेच कोणी बघत नाही. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर, खोडाचा घेर टेपने मोजा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. घेर २२० सेंटिमीटर असेल तर व्यास झाला ७० सेंटिमीटर. व्यासाच्या बारापट अंतरापर्यंतचा, म्हणजे इथे सुमारे ८.४ मीटर त्रिज्येचा भाग हा झाडाच्या मुळांचा महत्त्वाचा प्रदेश धरतात. त्यातला खोडाभोवतीचा व्यासाच्या साधारण तिप्पट भाग, म्हणजे दोन मीटरच्या आसपासचा, झाडाला उभं धरतो. तिथली जाड मुळं एका बाजूने तुटली की झाडाची पकड त्या बाजूला गेलीच.

सोसायटीत ती तुटतात कशाने? गॅसची पाइपलाइन, ड्रेनेजची दुरुस्ती, नवं कंपाउंड, पेव्हर ब्लॉक. बुंध्यापासून हातभर अंतरावर चर खणला जातो, आडवी आलेली मुळं कुदळीने तोडली जातात आणि चर बुजवून वर ब्लॉक बसवले की पुरावा नाहीसा होतो. झाड लगेच पडत नाही. तुटलेल्या टोकांतून कूज आत शिरते आणि दोन-चार पावसाळ्यांनी, जमीन भिजून मऊ झालेली असताना, एखादा वारा पुरतो. म्हणून प्रत्येक तपासणीत गेल्या पाच वर्षांत कुठे काय खणलं हे जुन्या सेक्रेटरींना आणि वॉचमनला विचारायचं. हा प्रश्न कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगून जातो.

बुंधा जमिनीत शिरतो तिथे तो सर्व बाजूंनी पसरट व्हायला हवा. खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला, तर वर माती किंवा डेब्रिज टाकून बुंधा पुरलेला असतो. ती भर हाताने काढून साल तपासा. बहुतेक वेळा ती ओली, काळी आणि सैल झालेली सापडते. बुंध्याभोवती सिमेंट असेल तर ते फोडायला लावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, आणि तेवढी तरी जागा आपल्याकडेही हवीच. मात्र ब्रेकर मशीन लावू नका. छिन्नी-हातोड्याने तुकडे काढले की वर आलेली मुळं वाचतात.

बुरशीची फळं दिसली तर थांबून बघा. गुलमोहर, पीतमोहर यांसारख्या झाडांच्या बुंध्याशी पावसाळ्यात गॅनोडर्मा उगवते. अर्धगोल, कानासारखी, लाकडासारखी कठीण, वरून लाखेच्या पॉलिशसारखी तांबूस चकचकीत, कडेला पांढरी रेघ आणि खालची बाजू फिकट. जवळच्या पानांवर आणि जमिनीवर कोकोसारखी तपकिरी भुकटी पडलेली असते. ते तिचे बीजाणू. ही बुरशी मुळांचं आणि बुंध्याचं लाकूड आतून मऊ करते. ती खरवडून काढल्याने काहीच बरं होत नाही, उलट खूण तेवढी जाते. फोटो काढा, जागा नोंदवा आणि त्या झाडाची सविस्तर तपासणी करून घ्या. कुजक्या पालापाचोळ्यावर उगवणाऱ्या मऊ छत्र्यांचा याच्याशी संबंध नाही, त्यांना घाबरू नका.

खोड तपासायला लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा पुरतो. जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत, हातभर अंतराने, सगळ्या बाजूंनी हलके ठोके द्या. भरीव लाकूड आखूड, टणक आवाज देतं. पोकळ किंवा कुजक्या जागी आवाज भद्द आणि लांबट येतो. साल सुटलेली असेल तरीही तसाच आवाज येतो, म्हणून एका ठोक्यावर निकाल देऊ नये. भद्द आवाजाचा पट्टा खडूने आखून घ्या. ढोली उघडी असेल तर आठ मिलिमीटरची सळई आत घालून कुठपर्यंत सहज जाते ते मोजा.

पोकळी म्हणजे लगेच धोका नव्हे. जर्मन अभ्यासक क्लाउस मॅटेक यांच्या पाहणीवरून आलेला ठोकताळा असा: भोवतालच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे तीस टक्क्यांच्या खाली गेली की मोडण्याचा धोका ठळकपणे वाढतो. वरच्या उदाहरणात त्रिज्या ३५ सेंटिमीटर, म्हणजे साल सोडून साधारण साडेदहा सेंटिमीटर जाडीची चांगली कड सर्व बाजूंनी हवी. हा आकडा अंतिम निवाडा नाही. ढोलीला बाजूने मोठं तोंड असेल तर कड जाड असूनही खोड तिथे उघडतं. शेंडा आखूड असेल तर त्याहून पातळ कडही तग धरते. शंका राहिली तर बारीक सुई खोडात फिरवत लाकडाचा विरोध मोजणारं रेझिस्टोग्राफ किंवा ध्वनिलहरींवर चालणारं टोमोग्राफ वापरणारा वृक्षतज्ज्ञ बोलवावा. पण यंत्र कुठे लावायचं ते आधी हातोड्यानेच ठरतं. ढोलीत सिमेंट भरलेलं असेल तर ती दुरुस्ती समजू नका. सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर वाकत नाही, कडेला फट पडून तिथे पाणी साचतं, आणि पुढे तोडताना चेनसॉची साखळी त्यावर आपटते.

यानंतर सांधे. दोन जाड खोडं एकाच ठिकाणातून इंग्रजी 'यू'सारखी फाकली असतील तर सांधा सहसा पक्का असतो. 'व्ही'सारखी अरुंद फाकली असतील आणि मधली साल आत दुमडून दाबली गेली असेल, तर ती दोन खोडं एकमेकांना टेकलेली असतात, जुळलेली नसतात. सांध्याखाली दोन्ही बाजूंना कानशिलांसारखे फुगवटे आणि मधून उभी चीर दिसली, चिरेतून काळपट पाणी झिरपत असेल, तर ते झाड यादीत वरच्या क्रमांकावर घ्या.

कललेल्या झाडाबद्दल लोक सर्वात जास्त घाबरतात आणि सर्वात जास्त चुकतात. वर्षानुवर्षं कललेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वळलेलं असतं. ते कलूनच वाढलं आहे. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका रेषेत कललं असेल, झुकावाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडली असेल किंवा माती, पेव्हर ब्लॉक उचलले गेले असतील, तर ते झाड आत्ता हलतं आहे. गवंड्याचा ओळंबा लावून किंवा ठरलेल्या जागेवरून इमारतीची कड चौकटीत घेऊन दर महिन्याला फोटो काढला की शंका फिटते. भेग ताजी असेल तर महिन्याची वाट पाहू नका. खालची जागा त्याच दिवशी रिकामी करा.

जातीनुसार स्वभाव बदलतो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे फांद्या मोडणं आणि उन्मळणं दोन्ही त्याच्या बाबतीत होतं. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या, लांबलचक फांद्या टोकाला जड होतात. शिवाय २०१० नंतरच्या दशकात मुंबईत पिठ्या ढेकणाने अनेक पर्जन्यवृक्ष वाळले, आणि वाळलेला पर्जन्यवृक्ष फांदी फांदी करून खाली येतो. खोट्या अशोकाचा शेंडा वाऱ्याने मोडतो. आंबा बाहेरून ठणठणीत वाटला तरी खोडावरच्या छिद्रांतून लाकडाचा भुसा पडत असेल तर भिरूड लागला आहे असं समजा.

नारळाचा विचार वेगळा करावा लागतो. त्याला वाढीचा कोंब एकच, आणि खोडाला झालेली जखम कधीच भरून येत नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा जन्मभर राहतात. मधली सुई (शेंड्यातली न उघडलेली कोवळी झावळी) वाळली, नव्या झावळ्या आखूड यायला लागल्या, खोडावरच्या छिद्रांतून तांबूस चिकट द्रव आणि चघळलेल्यासारखे तंतू बाहेर येत असतील, तर सोंड्या भुंग्याने आतून पोखरलं आहे. खोडाला कान लावला तर अळ्यांची करकर ऐकूही येते. सुई मेलेला नारळ पुन्हा फुटत नाही. तो लवकरात लवकर उतरवावा, आणि त्यावर माणूस चढवू नये. खोड मधूनच मोडतं, चढणाऱ्यासकट.

तोड हा शेवटचा उपाय असला तरी वाईट छाटणी त्याहून धोकादायक ठरते. शेंडा सपाट उडवला की कापलेल्या जागी झाडूसारखे कोंब फुटतात. ते सालीजवळच्या थरातून आलेले असतात, आत रुजलेले नसतात, आणि चार-पाच वर्षांत जाड होऊन खालच्या कुजक्या लाकडावरून निखळतात. दुसरा सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे आतल्या सगळ्या बारीक फांद्या काढून टोकाला फक्त पानांचा झुपका ठेवणं. अशी फांदी वाऱ्यात जास्त हेलकावते आणि मधेच मोडते. योग्य छाटणी टोकाकडून वजन कमी करते: लांब फांदी मागच्या एखाद्या जिवंत उपफांदीपर्यंत आखूड करायची, ती उपफांदी निदान एक तृतीयांश जाडीची हवी. फांदी पूर्ण काढायची तर तीन काप. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडं पुढे. फांदी इथे मोडून पडते आणि खोडाची साल सोलली जात नाही. तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून. ते कडं राखलं तरच जखम झाकली जाते. डांबर, गेरू, ऑइलपेंट यांपैकी काहीही लावलं तरी कूज थांबत नाही.

तोडायचंच ठरलं तर कागद आधी. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. खासगी जागेतलं झाडही त्यात येतं. अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. त्यात झाडाची जात, घेर, नेमकी जागा दाखवणारा नकाशा, चारही बाजूंचे फोटो आणि बुंध्याच्या दोषाचा जवळून घेतलेला फोटो जोडा. 'झाड धोकादायक आहे' एवढ्या ओळीवर पाहणी लांबते. 'पूर्वेकडे बुंध्यापासून ६० सेंटिमीटरवर चर, तीन जाड मुळं तुटलेली, पश्चिमेकडे १.५ मीटर भेग' असं लिहिलं की अधिकारी नेमकं तेच बघतो. झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते, अर्जावर निर्णयासाठी कायद्यात ६० दिवसांची मुदत आहे, आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस थांबावं लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली आहे. झाड आत्ता कोसळेल अशी स्थिती असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर, मुंबईत पालिकेच्या १९१६ वर फोन करा आणि तोंडी कळवण्याबरोबर फोटोसह लेखी नोंद ठेवा.

कंत्राटदाराला दराआधी तीन गोष्टी विचारा: कामगारांचा विमा (बोलीभाषेत डब्ल्यूसी पॉलिसी) चालू आहे का, चढणाऱ्याला पूर्ण हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षा-पट्टा) आहे का, आणि हे झाड नेमकं कोणत्या क्रमाने उतरवणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बघू तिथे' असं आलं तर दुसरा माणूस शोधा. कमरेला एकच दोर बांधून हातात चेनसॉ घेतलेला माणूस एका चुकीच्या कापाने स्वतःचाच दोर तोडू शकतो. कापताना आधाराचे दोन वेगळे दोर हवेत आणि त्यातला एक तारेचा गाभा असलेला.

सोसायटीत पूर्ण झाड एका कापात आडवं करायला जागा नसते, आणि बुंधा कुजलेला असेल तर तसं करूही नये. झाड पाडताना ते ठरलेल्या दिशेने वळतं ते न कापता राखलेल्या लाकडाच्या पट्टीमुळे. निरोगी झाडात पडण्याच्या बाजूला व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी खोल खाच घेतात आणि मागच्या कापात व्यासाच्या सुमारे दहा टक्के जाडीची पट्टी शिल्लक ठेवतात. तीच बिजागरीचं काम करते. लाकूड कुजकं असेल तर बिजागरीच उरत नाही आणि झाड वाटेल तिकडे जातं. पुढे खूप कललेल्या झाडाला मागून काप दिला तर खोड उभं चिरून मागचा भाग कापणाऱ्याच्या अंगावर उसळतो.

म्हणून वरून खाली, तुकड्यातुकड्यांनी. पोखरलेल्या झाडाला माणूस बांधू नये. बूम लिफ्ट, म्हणजे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी गाडी, आणावी. हायड्राच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या फिरत्या क्रेनच्या, हुकाला पाळणा बांधून माणूस वर पाठवणं ही ठार चूक आहे, ती क्रेन माणसांसाठी नसतेच. लिफ्टची गाडी उभी करण्यापूर्वी पार्किंगखाली पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक आहे का ते नकाशावर बघा. गाडीच्या पायांचा भार स्लॅबवर आला तर तो खचतो. ओल्या लाकडाचं वजन लोक फार कमी धरतात. ४० सेंटिमीटर व्यासाचा दीड मीटरचा ओंडका म्हणजे जवळजवळ १९० लिटर लाकूड, आणि ओलं लाकूड वजनाला पाण्याच्या आसपास असतं. खाली सोडण्यासाठी दोराला बांधलेला असा ओंडका मीटरभर पडून झटका देतो तेव्हा भार कित्येक पट होतो. म्हणून दोर त्याच्या तुटण्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शापर्यंतच वापरायचा, तुकडे लहान घ्यायचे आणि कप्पी मजबूत फांदीला बांधायची. कुजक्या सांध्याच्या वर कधीच नाही.

विजेची तार जवळून जात असेल तर वितरण कंपनीकडून शटडाऊन, म्हणजे त्या तारेचा पुरवठा बंद ठेवण्याची परवानगी, लेखी घ्या. तारेपासून तीन मीटरच्या आत फांदी, शिडी, बांबू काहीही जाता कामा नये, आणि शटडाऊननंतरही लाइनमनने अर्थिंग करेपर्यंत हात लावायचा नाही. जवळच्या जनरेटरमधून वीज उलटी येऊ शकते. घरटं सापडलं तर त्या फांदीचं काम थांबवून वनविभागाला कळवा.

बुंधा उरतो तो जमिनीलगत कापून सोडला तर वाळवी आणि कूज लागते, आणि काही वर्षांनी मुळं कुजून वरचे ब्लॉक खचतात. भिंतीला खेटून असलेली मुळं मात्र उपसू नका, पाया उघडा पडतो. बाकीचा खुंट खणून काढा आणि खड्डा थराथराने माती दाबून भरा. गॅनोडर्मा होती त्या खड्ड्यात नवं झाड नको. दोन-तीन मीटर बाजूला एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. बहावा, ताम्हण, बकुळ, सीता अशोक, करंज यांतून जागेच्या मानाने निवडा; कंपाउंडपासून निदान तीन मीटर आणि मोठ्या जातींना त्याच्या दुप्पट अंतर सोडा. लोखंडी जाळी लावलीत तर खोड तिला टेकायच्या आत कापून काढा, नाहीतर ती सालीत रुतते आणि वीस वर्षांनी झाड बरोबर त्याच जागी मोडतं.